सगळे सर्व्हर चालू दिसतात, पण डिजिटल प्रती शाबूत आहेत हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा, की सहा ग्रंथालयांनी मिळून लॉक्स (LOCKSS, अनेक ग्रंथालयांतल्या डिजिटल प्रती आपसात ताडून जपणारी प्रणाली) बसवलंय, जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन प्रती प्रत्येकाकडे आहेत, देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं आहे. मग आणखी काय बघायचं? मी अशाच एका जाळ्याची देखभाल करते, म्हणून सविस्तर लिहिते.

हिरवा दिवा एवढंच सांगतो की यंत्र चालू आहे. डिस्कचा एखादा भाग खराब झाला, तर तिथली फाइल कुणी उघडेपर्यंत पत्ताच लागत नाही, आणि जतनासाठी ठेवलेली फाइल वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. त्यामुळे मी सर्वांत आधी हे बघते: या संग्रहाची इतरांच्या प्रतींशी शेवटची पूर्ण तुलना कधी झाली आणि किती जणांशी जुळली? लॉक्सच्या पडद्यावर दोन्ही दिसतं. ती तारीख जुनी होत चालली असेल, तर बाकी सगळं हिरवं असूनही मला काळजी वाटते.

ही तुलना कशी होते ते कळलं की बिघाड ओळखणं सोपं जातं. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हिकी राइश आणि डेव्हिड रोझेन्थाल यांनी लॉक्स सुरू केलं. एक यंत्र मतदान पुकारतं आणि आधी कुणालाच ठाऊक नसलेला एक आकडा इतरांना पाठवतं. प्रत्येकाने तो आकडा आपल्या फाइलला जोडून हॅश (मजकुरावरून निघणारी छोटी खूण, मजकूर जरा बदलला तरी ती बदलते) काढायचा; तेच त्याचं मत. जुना हॅश जपून ठेवून भागत नाही, फाइल खरोखर वाचावीच लागते. आपली प्रत बहुमताविरुद्ध गेली, तर यंत्र दुसऱ्याकडून ती फाइल आणून दुरुस्त करतं. पुरेशी मतं पडली नाहीत, तर मात्र निकालच लागत नाही. तुमच्यासारख्या छोट्या जाळ्यात मला सर्वांत मोठा धोका इथेच दिसतो. संस्थेच्या आयटी विभागाने फायरवॉल बदलली, इतर यंत्रांशी बोलायचं पोर्ट बंद झालं, की सर्व्हर जिवंत राहतो पण मत देऊ शकत नाही. सहापैकी दोन-तीन यंत्रं अशी गप्प झाली, तर उरलेल्यांचंही मतदान अडतं.

जुळणी कमी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. एकच यंत्र बाकी सगळ्यांशी जुळत नसेल, तर त्याची डिस्क तपासा. कुणाचंच कुणाशी जुळत नसेल, तर बहुतेकदा प्रती संकेतस्थळावरून वेगवेगळ्या वेळी गोळा झालेल्या असतात, किंवा वेबपानावर दर वेळी बदलणारी तारीख वा जाहिरात असते. असे भाग हॅश काढण्याआधी गाळावे लागतात.

प्रतींचा आकडाही फसवा असतो. सहाही डिस्क एकाच बनावटीच्या, सहाही सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाकडे, म्हणजे एका चुकीत सहाही प्रती जाऊ शकतात. लॉक्सवरच चालणाऱ्या क्लॉक्स (CLOCKSS) या जतन-संस्थेने आपल्या १२ प्रती एडिंबरा, हाँगकाँग, अल्बर्टा अशा दूरदूरच्या संस्थांत ठेवल्या आहेत, त्यामागे हाच विचार आहे.

आणि पैसा. अमेरिकेतल्या डिजिटल प्रिझर्वेशन नेटवर्क या डिजिटल जतनाच्या जाळ्याने २०१८ च्या अखेरीस काम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अडचण आर्थिक होती. म्हणून कुठल्या सदस्याचा करार कधी संपतो, सर्व्हर किती जुना आहे आणि जबाबदार माणूस बदलला का, हेही देखरेखीच्या नोंदींत लिहा. सहातला एक सदस्य गेला तर त्याच्या जागी नवी प्रत भरायला बराच वेळ लागतो, त्यामुळे ही खबर आधी मिळायला हवी.

सुरुवात म्हणून एक छोटा चाचणी-संग्रह सहाही यंत्रांवर ठेवा. एका यंत्रावर त्यातली एक फाइल मुद्दाम बिघडवा आणि ती आपोआप दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात ते नोंदवा. मतदान मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, त्यामुळे काही आठवडे लागले तरी धीर धरा. दर सहा महिन्यांनी, दर वेळी वेगळ्या यंत्रावर, हेच करा.