घरात वस्तूंचे फोटो काढायला 25 हजारांच्या आत कोणता कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की टेराकोटाचे दागिने घरीच करता, विक्रीसाठी फोटोही घरातच काढायचे आहेत, बजेट 25 हजार. आणि शेवटी विचारलंय, "सगळे म्हणतात डीएसएलआरशिवाय असे फोटो येतच नाहीत, हे खरं का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. नाहीतर कॅमेऱ्यांची नावं सांगणारे इथे छप्पन्न मिळतील.

खरं नाही. (डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा.) आणि हे 'सगळे' कोण असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यातले एक माझ्या घरात आहेत, माझे धाकटे दीर.

आमचं पुण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. बराचसा माल कसब्यातल्या तांबट आळीतून येतो. हंडे, कळश्या, घंगाळी, समया, ठोके देऊन मठारकाम केलेले तांबे. 2012 च्या भाऊबिजेला माझ्या भावाने ओवाळणीत त्याचा वापरलेला कॅनन पॉवरशॉट एस 95 मला दिला. खिशात मावेल एवढा, काळा, दिसायला अगदीच साधा. त्याच सुमारास भाऊजींनी डीएसएलआर घेतला, दोन लेन्स, बॅग, फिल्टर सगळं मिळून चाळीसेक हजारांचा. ते आयटीत आहेत. ऑफिसातल्या मित्रांबरोबर रविवारी पहाटे सिंहगडावर सूर्योदय टिपायला जायचे. माझ्या कॅमेऱ्याला त्यांनी नाव ठेवलं 'माहेरचा डबा'. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

2013 च्या दसऱ्याआधी आम्ही भांडी ऑनलाइन विकायची ठरवली. फोटो अर्थातच भाऊजी काढणार. रविवारी दुपारी हॉलमध्ये सतरंजीवर पांढरी चादर अंथरली, ट्यूब लावली, शिवाय पिवळा बल्ब, शिवाय कॅमेऱ्याचा फ्लॅश. चौदा भांडी, दोनेकशे फोटो. मला काम होतं भांडी पुसून हातात द्यायचं. चिंच-मिठाने घासलेलं तांबं ओल्या हातांनी धरलं की तासाभरात बोटं उमटतात, तेवढं मात्र मी सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही.

चौदापैकी अकरा फोटो ऑनलाइन विक्रीवाल्यांकडून नापास होऊन परत आले. उघडून पाहिले तेव्हा कारण कळलं. घासलेल्या हंड्याचं पोट म्हणजे बाहेर फुगलेला आरसा. त्यात आमचा अख्खा हॉल मावला होता. पंखा, ट्यूब, दारात उभ्या जाऊबाई, आणि मधोमध कॅमेरा डोळ्याला लावलेले भाऊजी, लाल टी-शर्टासकट. त्या लाल टी-शर्टामुळे पितळेचा हंडा तांब्याचा वाटत होता. फ्लॅशचा पांढरा ठिपका प्रत्येक भांड्याच्या पोटावर, जसं कुणी चुना लावलाय. मठारकामाचे ठोके, ज्याचे आम्ही पैसे घेतो, ते समोरून पडलेल्या फ्लॅशने साफ गायब झाले होते. आणि समईची वरची वाटी स्पष्ट, बैठक धूसर. 'बॅकग्राउंड ब्लर' म्हणे. अहो, गिऱ्हाइकाला समई पूर्ण बघायची असते, ब्लर नाही.

भाऊजींचं निदान काय? लेन्स कमी पडली. आणखी एक मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घ्यावी लागेल, वीसेक हजार.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी दुकानामागच्या खोलीत बसले. तिथे उत्तरेकडे एक खिडकी आहे, ऊन कधी थेट येत नाही. सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर दोरीवर टाकून हंड्याभोवती तंबू केला आणि पुढे फक्त लेन्सपुरती फट ठेवली. खोलीतले सगळे दिवे बंद. हे फार महत्त्वाचं आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; खिडकीचा उजेड साडेपाच हजार केल्विन किंवा त्याहून जास्त असतो आणि पिवळा बल्ब 2700 च्या आसपास. दोन्ही एकदम लावले तर भांडं एका अंगाने निळसर आणि दुसऱ्या अंगाने हळदीचं दिसतं, मग कॅमेरा कुठल्याही बापाचा असो. ट्रायपॉड नव्हता, म्हणून दोन किलो गव्हाची पुरचुंडी बांधली, स्टुलावर ठेवली आणि कॅमेरा तिच्यात दाबून बसवला. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) 80, छिद्र (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ 4, शटर पाव सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. कोरा कागद धरून व्हाइट बॅलन्स लावला, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक घर वर.

पहिला फोटो गुळगुळीत, स्वच्छ आणि मेलेला. सगळीकडे पांढरंच प्रतिबिंब पडल्यामुळे हंडा दुधात बुडवल्यासारखा दिसत होता, कडा कुठे संपते तेच कळेना. मग मुलीच्या प्रोजेक्टमधला काळा कार्डपेपर कापून त्याच्या दोन उभ्या पट्ट्या तंबूच्या आत, दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत अशा उभ्या केल्या. त्यांची काळी रेघ हंड्याच्या दोन्ही कडांवर उमटली आणि हंड्याला पोट आलं. गोल दिसायला लागला. चकचकीत धातूचा फोटो म्हणजे धातूचा नसतोच, तो धातूत काय दिसतंय त्याचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मठारकामासाठी एका बाजूचं धोतर थोडं उचललं, उजेड आडवा येऊ दिला. एकेक ठोका उठून दिसला.

खर्च: शून्य. धोतर धुवावं लागलं तेवढंच. चौदाच्या चौदा फोटो पास.

आता तुम्ही म्हणाल, लहान कॅमेऱ्यात समई पूर्ण स्पष्ट कशी आली? त्याचं कारण हे की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, लहान. ज्याला सगळे हिणवतात तेच इथे कामाला येतं. एस 95 च्या सेन्सरवर एफ 4 ला जेवढं पुढून मागपर्यंत स्पष्ट येतं, तेवढं भाऊजींच्या कॅमेऱ्यावर आणायला छिद्र एफ 11-12 पर्यंत बारीक करावं लागतं. तो ऑटोवर होता आणि फ्लॅश मारत होता. लहान सेन्सर अंधारात कच्चा, हे खरंच आहे. पण वस्तू काही पळून जात नाही. पाव सेकंद, अर्धा सेकंद, हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवा. लग्नात नवरी थांबत नाही, हंडा थांबतो.

मेगापिक्सेलचंही तसंच. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची लांब बाजू 1600 पिक्सेल असली की झूम नीट चालतं, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही 255, आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा अशी अपेक्षा. एस 95 दहा मेगापिक्सेलचा, फोटो 3648 बाय 2736. म्हणजे 2010 सालचा डबासुद्धा गरजेच्या दुप्पट देतो. दुकानदार 48 मेगापिक्सेलचा बोर्ड दाखवील तेव्हा मान डोलवा आणि पुढे चला.

तुम्ही तशा नशीबवान आहात. माती चमकत नाही. धोतर लागणार नाही, काळ्या पट्ट्याही नाहीत. खिडकी आणि समोरून उजेड परतवायला थर्माकोलचा एक तुकडा, झालं. तुमची अडचण वेगळी आहे: झुमका लहान आहे. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे 'पाच सेंटिमीटरवरून मॅक्रो' असं मिरवतात, पण ते झूम पूर्ण मागे असताना. तेवढ्या जवळ गेलात की एक तर लेन्सची सावली झुमक्यावर पडते, आणि दुसरं, जवळचा भाग फुगतो, गोल मणी अंड्यासारखा दिसतो. थोडं लांब बसायचं आणि झूम करायचं, हा माझा नियम. म्हणून कॅमेरा निवडताना बघायचा आकडा म्हणजे झूम पूर्ण पुढे असताना तो किती जवळून फोकस करतो. सोनीच्या पहिल्या आरएक्स 100 मध्ये तो साधारण 55 सेंटिमीटर आहे, कॅननच्या जी 7 एक्स मार्क 2 मध्ये 40. हा फरक झुमक्यासाठी मोठा आहे. दोन्हींचा सेन्सर एक इंची, पिक्सेल वीस मेगापिक्सेलच्या घरात, रॉ फाइल (कॅमेऱ्याने फेरफार न केलेली) मिळते. अगदी बारीक कोरीवकाम दाखवायचं असेल तर ऑलिम्पसचा टीजी 6 लेन्सपासून एक सेंटिमीटरवरही फोकस करतो, पण तिथे उजेड आत कसा घालायचा हे तुम्हीच ठरवायचं.

25 हजारांत यातला नवा बसणार नाही. जुना बघावा लागेल. 2010 मध्ये जगभरात असे लेन्स जोडलेले डिजिटल कॅमेरे दहा कोटींहून जास्त गेले होते, 2023 मध्ये वीस लाखही नाहीत. मोबाइलने धंदा बसवला आणि कंपन्यांनी स्वस्तातले जवळजवळ बंदच केले. त्यात हल्ली कॉलेजातल्या पोरांना जुन्या डिजिकॅमची हौस आली आहे, त्यामुळे जुन्यांचेही भाव चढलेत. घेताना झूम चार-पाच वेळा पुढे-मागे करून बघा, लेन्स अडखळली तर सोडून द्या. कोऱ्या भिंतीचा फोटो एफ 8 ला काढून मोठा करून बघा. करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि ती या कॅमेऱ्यांत घरी काढता येत नाही. छिद्र आणि व्हाइट बॅलन्स स्वतः लावता येत नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. उरलेल्या पैशांत ट्रायपॉड. जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांचा खालचा आटा तोच पाव इंची असतो, त्यामुळे साधा चालेल, फक्त जड असू दे. खिडकी नसेल तर दोन एकसारखे एलईडी घ्या, एकाच पाकिटातले. आणि आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, फोटोवर पट्टे आले तर शटर 1/50 किंवा त्याहून सावकाश करा.

एक सांगायला हवं, नाहीतर मी अन्याय करतेय असं होईल. डीएसएलआर वाईट नाही. भाऊजींनी तोच कॅमेरा स्टँडवर ठेवून, फ्लॅश बंद करून, एफ 11 ला धोतराच्या फटीतून लावला असता तर माझ्याहून चांगले फोटो आले असते. पुढे केव्हातरी मी तो एकदा मागितलाही होता. "तुला झेपणार नाही, वहिनी," म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घरातल्या एका मुंजीत नाशिकचे पाहुणे आमच्या वेबसाइटवरच्या फोटोंचं कौतुक करत होते. भाऊजी म्हणाले, "डीएसएलआर आहे ना, फरक पडतोच." मी पंगतीत वाढत होते. जिलबीचं ताट माझ्या हातात. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पानात बघितलं. फोटोच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की कॅमेऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. तेव्हाच्या सगळ्या फाइली अजून तशाच आहेत, आणि भाऊजी कंप्युटरचेच इंजिनिअर आहेत.

ता. क. कुणीतरी विचारणारच, म्हणून. मोबाइलने होतं का? होतं. गेली दोन-तीन वर्षं लहान तांबे आणि निरांजनं मी मोबाइलवरच काढते, स्टँडला लावून. नेहमीच्या लेन्सने जवळ जाऊ नका, भांडं फुगतं. दोनपट किंवा तीनपट झूमची वेगळी लेन्स असेल तरच ती वापरा. रंग मात्र तपासा. मोबाइल तांब्याला उगाच केशरी करतो, आणि तुमची भाजलेली माती त्याच रंगाच्या घरातली आहे. झुमका शेजारी ठेवून स्क्रीनवर जुळवून बघा, आणि त्या वेळीसुद्धा ट्यूब बंद ठेवा.