शंका-समाधान : विश्वास, कर्मे आणि नीतिमत्त्व

प्रश्न : नियमशास्त्रातील (मोशेद्वारे मिळालेल्या देवाच्या नियमांतील) कर्मांवाचून मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, म्हणजे देवापुढे निर्दोष गणला जातो, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो (रोम. ३:२८). नव्या करारातल्या दुसऱ्या पत्राचा लेखक याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो (याकोब २:२४). यातले खरे कोणाचे धरायचे?

उत्तर : दोघांचेही. दोघे अब्राहामाचाच दाखला देतात आणि दोघांनीही उत्पत्ती १५:६ हेच वचन घेतले आहे : त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाबतीत नीतिमत्त्व असा गणला गेला. म्हणून उत्पत्तीचे पुस्तक उघडा आणि अब्राहामाचे वय कागदावर मांडा. इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता (१६:१६), आणि पंधराव्या अध्यायातले हे वचन त्याच्याही आधीचे आहे. सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता (१७:२४). म्हणजे नीतिमत्त्व गणले गेल्यावर किमान तेरा वर्षांनी सुंता झाली. पौल नेमके यावरच बोट ठेवतो : कोणत्या स्थितीत गणले गेले, सुंता झालेली असताना की नसताना? (रोम. ४:१०) नियमशास्त्र तर सीनाय पर्वतावर कितीतरी पिढ्यांनंतर मिळाले. जे कर्म अजून घडलेच नव्हते, त्याच्या बळावर अब्राहाम नीतिमान ठरला असे म्हणताच येत नाही.

याकोब बोलतो तो प्रसंग वेगळा, देवाच्या आज्ञेवरून मुलगा इसहाक याला अर्पण करायला वेदीवर ठेवल्याचा (उत्पत्ती २२). इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता, आणि वेदीच्या प्रसंगी मुलगा लाकडे वाहून नेण्याइतका मोठा झालेला होता. त्या दिवशी अब्राहाम नव्याने देवाच्या मर्जीत आला, असे याकोब म्हणत नाही. आधीच लिहिलेले वचन तेव्हा ‘पूर्ण झाले’, असे तो म्हणतो (२:२३). त्याचा रोख कोणावर आहे तेही त्याच अध्यायात दिसते. भाऊ किंवा बहीण उघडी-उपाशी समोर उभी आहे आणि विश्वास आहे म्हणणारा तोंडाने नुसता ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावतो. एकच देव आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. अशा कोरड्या मान्यतेला पौलही विश्वास म्हणत नाही. त्याच्या लेखी विश्वास प्रीतीच्या द्वारे कार्य करतो (गलती. ५:६).

इथे एक बाब प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रोम. ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द ग्रीक मजकुरात नाही. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन लूथर याने १५२२ च्या जर्मन भाषांतरात तो घातला आणि त्यावरून मोठा वाद झाला. शब्द नसला तरी अर्थ आहे, कारण ‘कर्मांवाचून’ म्हटल्यावर मागे विश्वासच उरतो. तरीही वादात ‘केवळ’ हा शब्द पौलाच्या तोंडी घालू नका. समोरचा याकोबाचे वचन काढेल आणि तुमचे सगळे म्हणणे त्या एका शब्दावर अडकून पडेल.

प्रश्न : माझा विश्वास डळमळतो. इतक्या कमकुवत विश्वासावर देव मला नीतिमान ठरवील का?

उत्तर : या प्रश्नात विश्वासाचेच नकळत कर्म झाले आहे. पूर्वी उपास आणि दाने मोजली जात, आता विश्वासाची खोली मोजली जाते. हिशेब तोच, फक्त मोजायची वस्तू बदलली. नव्या करारातले ग्रीक इथे फार काटेकोर आहे : माणूस विश्वासाने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो असे ते म्हणते, विश्वास ठेवल्याबद्दल, त्याचा मोबदला म्हणून ठरतो, असे एकदाही म्हणत नाही. नीतिमत्त्व ख्रिस्ताचे आहे. विश्वास म्हणजे ते घ्यायला पसरलेला हात. हात थरथरतो म्हणून त्यात ठेवलेली वस्तू कमी होत नाही.

रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय पेन्सिल घेऊन वाचा आणि ‘गणणे’ या अर्थाचा शब्द येईल तिथे खूण करा. ग्रीकमध्ये तो या एका अध्यायात ११ वेळा येतो. हा हिशेबाचा शब्द आहे, खात्यावर धरणे असा. चौथ्या वचनात मजुराचा दाखला आहे : काम करणाऱ्याची मजुरी हे देणे असते, तिला कृपा म्हणत नाहीत. आणि पाचव्या वचनात देव कोणाला नीतिमान ठरवतो? अधर्म्याला. तिथे थांबा आणि ते वचन मोठ्याने वाचा. तुमच्या शंकेचे उत्तर तिथेच आहे.

मग लूक १८:९-१४ घ्या. येशूच्या या दृष्टांतात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि मिळकतीचा दशांश देतो. यातले काही खोटे नाही, शिवाय तो सुरुवातच देवाचे आभार मानून करतो. चुकते ते पुढच्या शब्दांत : ‘इतर माणसांसारखा नाही’, ‘या जकातदारासारखाही नाही’. उभा देवापुढे आहे, पण माप शेजाऱ्याचे लावतो. जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी माणूस, दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि दया मागतो. आपला पश्चात्ताप किती खरा आहे, हेसुद्धा तो सांगत बसत नाही. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

ज्या दिवशी विश्वास अगदीच तोकडा वाटेल, त्या दिवशी मार्क ९:२४ मधल्या बापाचे शब्द उसने घ्या : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला आधी विश्वास वाढवून ये म्हणून परत पाठवले नाही. मुलाला बरे केले.

प्रश्न : या मुद्द्यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजूनही वेगळे आहेत का?

उत्तर : पूर्वीइतके नाहीत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वासाने’ या शिकवणीच्या विरोधात ठराव केले होते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर कृपेनेच, ख्रिस्तावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो, हे त्यात दोघांनी मिळून मान्य केले. नीतिमान ठरलेल्या माणसात उरलेल्या पापाला काय म्हणायचे, अशा मुद्द्यांवर अजून फरक आहेत.

प्रश्न : मग सत्कृत्ये कशाला करायची?

उत्तर : इफिस. २:८-१० एका दमात वाचा. बहुतेक जण नवव्या वचनावर थांबतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘कर्मांनी नव्हे’ म्हटल्यावर लगेच दहावे वचन सांगते की आपल्याला ‘सत्कृत्यांसाठी’ निर्माण केले आहे. कृत्ये गेली नाहीत, त्यांची जागा बदलली. जक्कय या श्रीमंत जकातदाराकडे पाहा (लूक १९). अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेले चौपट परत, असे तो आठव्या वचनात म्हणतो. झाडावर चढलेल्या त्याच्याकडे येशूने वर पाहून नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले, ते पाचव्या वचनात.