रिंग फिट (निन्टेंडो स्विचवरचा, हातात रिंग धरून खेळायचा व्यायामाचा गेम) नवीन घेतलंयस ना, मग हे आधी वाच

पहिल्या दिवशी तासभर खेळू नकोस प्लीज, १५-२० मिनिटं बास, कारण खेळताना जोश असतो म्हणून काही कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून येतात की मग आठवडाभर कन्सोलला हातच लागत नाही, आणि बरेच जण तिथेच सोडतात.

सुरुवातीला डिफिकल्टी विचारेल, ती कमीच ठेव, नंतर कधीही वाढवता येते. डाव्या मांडीवरचा पट्टा नीट घट्ट बांध, तो घसरला की तू धावतोयस हे गेमला कळतच नाही. स्क्वॉट करताना गुडघे आत वळू देऊ नकोस, टाचा जमिनीवरच. हे मी मुद्दाम सांगतोय कारण सेन्सरला फक्त पायाची आणि हातातल्या रिंगची हालचाल दिसते, तुझी पाठ वाकलीय का ते दिसत नाही, त्यामुळे गेमने शाबासकी दिली म्हणजे पोश्चर बरोबर होतं असं नाही. समोर आरसा असेल तर फार बरं. आणि खाली कुणी राहत असेल तर सायलेंट मोड लाव, त्यात धावण्याऐवजी गुडघे हलके वाकवायचे असतात, उलट मांड्यांना जास्त काम मिळतं.

शेवटचं स्ट्रेचिंग स्किप करू नकोस, खरंच. बूट घाल नाहीतर मॅट घे, सॉक्सवर पाय सरकतो.

कंटाळा आला तर मधे जस्ट डान्ससारखा नाचाचा गेम खेळ, पण गुडघा दुखला तर त्या दिवशी थांब हं.