रक्तदाबाच्या गोळीबरोबर पोटात जाणारी इतर औषधे

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या सासऱ्यांना रक्तदाबासाठी सकाळी तेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन यांची एकत्र गोळी व रात्री अ‍ॅम्लोडिपिन दिलेले आहे. दाब १२४/७८ आला की ‘आता उतरला’ म्हणून ते गोळ्या बंद करतात. गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी मात्र जवळजवळ रोज घेतात. सकाळी कुळागरात जाण्यासाठी अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ येते. पथ्य म्हणून आम्ही घरात कमी सोडियमचे मीठ आणले आहे. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट गुडघ्यांची गोळी ही आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे दाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी होतो. त्याहून गंभीर परिणाम मूत्रपिंडावर होतो. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी वेदनाशामकामुळे आकसते, गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी तेल्मिसार्टनमुळे सैल पडते आणि क्लोरथॅलिडोनमुळे लघवीवाटे पाणी कमी झालेले असते. ही तिन्ही औषधे एकत्र आली की गाळणीतील दाब घसरून मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी आजच थांबवावी आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, लावण्याचे मलम किंवा व्यायामोपचार यांपैकी काय चालेल ते डॉक्टरांना विचारावे. गोळी बरेच दिवस चालू असल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी चाचणी), सोडियम आणि पोटॅशियम या रक्तचाचण्या लवकर करून घ्याव्यात. फार्मसीत सर्दीची गोळी मागतानाही रक्तदाबाची औषधे चालू असल्याचे सांगावे, कारण नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी दाब वाढतो.

कमी सोडियमच्या मिठात साध्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे चांगली असलेल्या अनेकांना ते हितकारक ठरते. परंतु तेल्मिसार्टनमुळे पोटॅशियम शरीराबाहेर कमी जाते आणि रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर पूर्वसूचना न मिळता हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चाचणीचा निकाल डॉक्टरांनी पाहीपर्यंत साधेच मीठ वापरावे, तेही कमी. दिवसभराचे मीठ, सर्व पदार्थांतले धरून, ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. आपल्याकडे ते आमटीपेक्षा पेजेसोबतच्या लोणच्यातून आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, खाऱ्या मासळीतूनच अधिक जाते. पावसाळ्यात ही मासळी सोडणे किती जड जाते याची मला कल्पना आहे, तरीही कपात तिथूनच करावी लागेल.

१२४/७८ हा आकडा औषधे चालू असतानाचा आहे. अ‍ॅम्लोडिपिनचा अंमल शरीरातून हळूहळू उतरत असल्याने गोळी बंद केल्यावरही एक-दोन दिवस दाब चांगला दिसतो, आणि ‘गोळीवाचून चालते’ असा चुकीचा समज नेमका याच दिवसांत पक्का होतो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन घेणाऱ्यांनी तर औषध एकाएकी मुळीच तोडू नये, कारण त्यांत दाब उसळून येऊ शकतो. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घेऊ नयेत.

भोवळीचे कारण शोधण्यासाठी त्यांचा दाब सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मोजावा आणि उभे राहिल्यावर एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ही नोंद डॉक्टरांना दाखवावी. मात्रा किंवा वेळ ते बदलतील. तोपर्यंत त्यांनी थोडा वेळ खाटेच्या कडेला पाय सोडून बसावे आणि मगच आधार घेऊन उठावे. उलट्या-जुलाब झाले किंवा एप्रिल-मेच्या उकाड्यात काम करून फार घाम गेला आणि गळून गेल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सकाळची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे विचारावे.

दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल, तर १०८ ला फोन करावा. तशी लक्षणे नसतील, तर त्यांना शांत बसवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे व डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे. जादा गोळी स्वतःहून देऊ नये.

प्रश्न : माझे वय ३१ असून मला रक्तदाबासाठी लोसार्टन चालू आहे. आम्हांला मूल हवे आहे. गोळी चालू ठेवावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गर्भधारणेच्या प्रयत्नांपूर्वीच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्यावी. लोसार्टन, तेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा गरोदरपणात वापरली जातात. त्यांतील आपल्याला योग्य कोणते, हे तपासणीनंतर ठरेल. आताच पाळी चुकली असेल, तर पुढच्या नियमित तपासणीची वाट न पाहता आजच डॉक्टरांशी संपर्क साधावा.