उतरता क्रम 'उलटा' लावणारं लेकरू: आधी वही नीट बघा

पहिली घटक चाचणी झाली की माझ्याकडं दुसरीतल्या लेकरांचे आईबाप यायला लागतात आणि बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच असतं, मॅडम चढता क्रम येतो पण उतरता लिही म्हणलं की उलटंच लिहितंय, गणितात कच्चं आहे का, का डोक्यातच काही प्रॉब्लेम आहे.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. औसा तालुक्यातलं कुटुंब, गावात किराणा दुकान, पोरगं लातूरला सेमी इंग्लिशला, व्हॅननं येणं-जाणं. आई खुर्चीत टेकली आणि रडायलाच लागली, "रोज घेऊन बसतेय ओ मॅडम, तरी उलटंच करायलंय, काल तर ह्यांनी मारलं त्याला." वडलांचं वेगळंच टेन्शन, "दुसरीत ही गत तर पुढं नीटचं (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं) काय?" आता काय बोलावं! लातुरात राहून दुसरीच्या लेकराला नीट परीक्षेच्या मागं लावणारे बाप मला नवीन नाहीत, पण राग दर वेळी येतोच.

मी वही मागितली. ३८, ५१, २९, ४५ उतरत्या क्रमानं लिहा असं गणित होतं आणि पोरानं लिहिलेलं २९, ३८, ४५, ५१. त्यावर लाल फुली. कुणीही बघितलं तर म्हणणार की ह्यानं चढता लावलाय. पण प्रत्येक संख्येतल्या शेवटच्या आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका होता, ९ खाली, ८ खाली, ५ खाली, १ खाली. बाईंना घाईत दिसला नसणार, घरी तर कुणी बघितलाच नव्हता.

मग मी दुसऱ्या संख्या दिल्या, ६२, १७, ४०, ३५. जीभ बाहेर काढून, ठिपके देत देत त्यानं लिहिलं १७, ३५, ६२, ४०. हे चढतं पण नाही आणि उतरतं पण नाही. म्हणलं, "बाळा, १७ सगळ्यात मोठे कसे रे?" तर म्हणाला, "सात मोठा आहे की. मग पाच, मग दोन, मग झिरो."

म्हणजे उतरता क्रम पोराला पक्का येत होता, मोठ्याकडून लहानाकडं तो बरोबर चालला होता, फक्त एककाचं घर बघून. आई बिचारी रोज "मोठ्याकडून लहान, मोठ्याकडून लहान" असं ओरडायची आणि तो तेच करायचा, आणि वरून मार खायचा.

असं का होतं, तर माझा अंदाज असा की घरात आजी "पंचेचाळीस" म्हणते त्यात पाच आधी कानावर पडतो, शाळेत "फोर्टी फाईव्ह" म्हणतात तिथं चाळीस आधी, आणि लेकरू दोन्हीच्या मधी लटकतं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" (म्हणजे एकवीस, बावीस, पण दशक आधी) असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढी टिंगल झाली होती, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी किती समजावून सांगितलं होतं. मला स्वतःला ते वाचन कानाला गोड लागत नाही, पण अडचण खरी आहे, रोज समोर बसलेली दिसते.

ह्या पोराला मी वहीच बंद करायला लावली. दुकानदाराचं लेकरू, त्याला पैसे कळतात. टेबलावर दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढली, एकीकडं दोन नोटा नऊ नाणी, दुसरीकडं पाच नोटा एक नाणं, कुणाकडं जास्त? "ह्याच्याकडं!" एका सेकंदात, आणि नाण्यांकडं बघितलं पण नाही. मग चार ढीग केले. सगळ्यात जास्तीचा उचल, बाजूला ठेव. आता राहिलेल्यात सगळ्यात जास्त कोणता? तो उचल. एका टायमाला एकच निवडायचा, चारही एकदम डोक्यात धरायला लावायचं नाही, कारण ओळीनं लावायची समज बहुतेक लेकरांत सातव्या वर्षाच्या आसपास बसते, कुणात जरा उशिरा. ढीग लावून झाले की प्रत्येकासमोर चिठ्ठीवर संख्या लिहायची, आणि मग नोटा काढून घेऊन नुसत्या चिठ्ठ्या लावायच्या. वहीत करताना एककाच्या घरावर बोट ठेवायचं, आधी दशक बघायचा. दशक सारखा निघाला, ४७ आणि ४३ सारखा, तरच बोट उचलायचं.

वडलांना सांगितलं, भाऊ, रात्री गल्ला मोजताना ह्याला शेजारी बसवा, धा मिन्टं बास, आणि हात उचलायचा नाही. त्यांनी बसवलं म्हणे. ६९ आणि ७० आले की अजून अडकतो, नऊ दिसला की हुरळतो, पण मग स्वतःच म्हणतो थांब, नोटा बघू दे.

डिस्कॅल्क्युलियाचं, म्हणजे आकडे-गणित शिकण्यातल्या कायमच्या अडचणीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी (शिकण्यातली अक्षमता) आहे, पण तिची तपासणी साधारण तिसरीत किंवा आठ वर्षांच्या आसपास करतात, दुसरीच्या एका चाचणीवरून गूगल करून लेबल लावू नका. दोन ढिगांत जास्त कोणता हेच तिसरीतही कळत नसेल, तर मात्र दाखवा.

तुमच्या घरी असंच चाललं असेल तर मी दिलेल्या त्याच चार संख्या, ६२, १७, ४०, ३५, उतरत्या क्रमानं लावायला द्या, आणि न रागावता बघा. १७, ३५, ६२, ४० आलं तर ह्याच पोरासारखं आहे, नोटा काढा. १७, ३५, ४०, ६२ आलं तर लेकरू खरंच चढता-उतरता ह्यात गोंधळतंय, त्याला फक्त आधी सगळ्यात मोठ्या संख्येला गोल करायला लावा आणि तिथून सुरू कर म्हणा.