लेक काळा स्पंज बनवायचं म्हणतेय, काय करू?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी इंदूरलाच बीएस्सी सेकंड इयरला, केमिस्ट्री घेऊन. तिनं कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कार्बनच्या नळ्यांच्या, स्पंजचा व्हिडिओ बघितला, दाबला की परत फुगतो, पाण्यावरचं तेल पितो, तेव्हापासून म्हणते मला हेच करायचंय. बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे. आणि एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटवाल्यानं फोन केलाय की बीएस्सी सोडा, आमच्या नॅनोटेक्नॉलॉजीच्या कोर्सला या. शिवाय तुम्हाला काळजी की या नळ्या फुफ्फुसात गेल्या तर?

आधी त्या फोनचं. नको. कोर्सच्या नावात नॅनो असलं म्हणजे लॅबमध्ये नळ्या वाढवायची भट्टी असेलच असं नाही, आणि पुढे सगळीकडे विचारतात की केमिस्ट्री किंवा फिजिक्स पक्कं आहे का. शास्त्रज्ञ पुलिकेल अजयन यांचं नाव या क्षेत्रात फार मोठं आहे, बोरॉन घातलेल्या नॅनोट्यूब स्पंजवरच्या २०१२च्या पेपरातही ते आहेत, पण बनारसला ते शिकले मेटलर्जी, म्हणजे साधं धातूशास्त्र.

आता मुलीला प्रेमात पडायचंच असेल तर कशाच्या ते नीट कळू द्या. हा स्पंज २०१०मध्ये चीनमधल्या त्सिंग्वा आणि पेकिंग विद्यापीठाच्या मंडळींनी केला. क्वार्ट्झची नळी, भट्टी साधारण ८६० डिग्री सेल्सियसवर, फेरोसीन हे लोखंड असलेलं संयुग डायक्लोरोबेंझीन नावाच्या द्रावकात विरघळवून सिरिंज पंपानं थेंब थेंब आत सोडायचं, सोबत आर्गॉन आणि हायड्रोजन वायू. फेरोसीनमधलं लोखंड कॅटॅलिस्टचं, म्हणजे उत्प्रेरकाचं, काम करतं, त्यावर नळ्या वाढतात आणि एकमेकींत गुंततात, आपली सुतरफेणी असते ना तशा. फरक एवढाच की सुतरफेणी दाबली की चुरा होतो आणि हा स्पंज दाबला तर नळ्या मोडत नाहीत, वाकतात, सोडलं की परत सरळ होतात. एक घन सेंटीमीटरचं वजन ५ ते १० मिलिग्रॅम, ९९ टक्क्यांहून जास्त मोकळी जागाच, आणि तेल स्वतःच्या वजनाच्या १८० पटींपर्यंत पितो.

पण व्हिडिओत न दिसणारं काम असं की बनवायला एक दिवस आणि तपासायला महिने! तोच तुकडा मशीनमध्ये दाबायचा, सोडायचा, शेकडो वेळा, प्रत्येक वेळी किती जोर लागला आणि किती परत आला ते बघायचं, कारण फार दाबलं की काही नळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तुकडा थोडा बसका राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली फोटो, रामन स्पेक्ट्रम, म्हणजे लेसर टाकून नळ्यांची प्रत सांगणारा ग्राफ, आणि तो ग्राफ आवडला तरच हे काम आवडेल. ज्याला रोज नवीन काही लागतं त्याचा इथे जीव रडकुंडीला येतो, मी असे दोघे-तिघे बघितलेत.

तुम्ही फुफ्फुसाचं विचारलंत ते बरोबरच आहे. लांब आणि ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तर ॲस्बेस्टॉससारखा त्रास झाला असं २००८मध्ये दिसलंय. म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात, मास्क आणि ग्लव्हज घालून. लॅबमध्ये पहिल्या दिवशी तिनं हेच बघावं, कोरडा स्पंज उघड्या टेबलावर कापत असतील तर तिथून निघून यावं.

पैशाचं बोलायचं तर बीएस्सीनंतर जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि घरभाडं वेगळं. बाबांना हा आकडा दाखवा, थोडे शांत होतील. आणि जॅमचा अभ्यास चालू असताना बँकेचा फॉर्मही भरा की, भांडण कशाला? आपलं नशीब असं की सिमरोलला आयआयटी आहे, खंडवा रोडवर यूजीसी-डीएई सीएसआर ही संशोधन संस्था आहे, लेसरवर काम करणारं सरकारी केंद्र आरआरकॅटही इथेच, म्हणजे घरची पोळी-भाजी खाऊन संशोधन बघता येईल.

तेव्हा आत्ता काही ठरवू नका. आधी दोन महिने लॅबमध्ये जाऊ द्या. तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप अशाच मुलांसाठी असते, त्याला प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं, तर तिला सांगा कॉलेजातल्या सरांना आत्ताच विचार, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की सर काही हाताला लागत नाहीत.