गाजरगवत की रानगाजर?

प्रश्न असा आहे. अमेरिकेत ओहायोत राहणाऱ्या एका ताईंच्या परसात कमरेएवढी, पांढऱ्या फुलांची झाडं उगवली. शेजारीण म्हणाली, हे 'वाइल्ड कॅरट'. सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी पानं पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गाजरगवत! हात लावू नकोस, खाज सुटेल." मग मराठीत याला गाजरगवतच म्हणायचं का?

सासूबाईंचा शब्द अस्सल आहे, फक्त तो दुसऱ्या झाडाचा आहे. आपल्याकडे गाजरगवत म्हणजे पार्थेनियम. मूळचं मेक्सिको आणि आसपासच्या उष्ण अमेरिकेतलं हे तण पुण्यात दिसल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं, असं सांगितलं जातं. काँग्रेस गवत आणि चटकचांदणी ही त्याचीच नावं. 'काँग्रेस' का, याचे दोन खुलासे ऐकायला मिळतात: कोणी त्या गव्हाच्या काळातल्या सरकारकडे बोट दाखवतं, तर कोणी पांढऱ्या टोपीसारख्या फुलांकडे. 'गाजर' मात्र सरळ पानांवरून आलं. कोवळं रोप पाहिलं तर कोणीही फसेल, इतकी ती पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात.

आणि 'गवत'? पार्थेनियम वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात गवत नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पण शेतकऱ्याच्या बोलण्यात पिकात नको असलेलं जे जे उगवतं ते गवतच. तणनाशकालाही गावाकडे 'गवताचं औषध'च म्हणतात. त्यामुळे गाजरगवत हे नाव चुकीचं ठरवायचं कारण नाही. ते नाव सांगतं, गाजरासारखं दिसणारं तण. गाजराशी नातं आहे असा दावा त्यात नाहीच.

ताईंच्या परसातल्या झाडाचं गाजराशी नातं मात्र खरंखुरं आहे. त्याची डॉकस कॅरोटा या शास्त्रीय नावाची जी जात, तीच आपल्या गाजराचीही. बाजारातलं गाजर ही तिची माणसाने निवडत, जोपासत आणलेली लागवडीची उपजात. म्हणून मी 'रानगाजर' म्हणेन. मराठीत 'रान' लावलं की नातं असतंच असं नाही. रानहळद हळदीच्या गोतातली आहे, पण रानकांदा खऱ्या कांद्याच्या प्रजातीतला नाही आणि रानजाईचा जाईशी काही संबंध नाही. इथे मात्र 'रान' अगदी शब्दशः खरं ठरतं. 'जंगली गाजर' कळतं सगळ्यांना, पण त्याला हिंदीचा वास येतो.

दोन्ही झाडं ओळखायला फुलोरा पाहावा. पार्थेनियमची फुलं म्हणजे बारीक पांढरी बटणं, फांद्यांच्या टोकांना विखुरलेली. रानगाजराच्या फुलोऱ्याला शास्त्रीय मराठीत 'चामरकल्प' असा सुंदर शब्द आहे: एका बिंदूतून निघालेल्या काड्या आणि त्यांवर छत्रीसारखी पसरलेली फुलं. कोथिंबीर, शेपू फुलावर आलेली पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल. छत्रीच्या मध्यभागी पुष्कळदा एकच गडद जांभळं फूल असतं. तिकडे या झाडाला 'क्वीन ॲन्स लेस' म्हणतात, आणि लेस विणताना राणीच्या बोटाला सुई टोचली, तो हा रक्ताचा थेंब, अशी गोष्ट सांगतात. बी धरल्यावर छत्री आत वळते आणि पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसते.

सासूबाईंचा इशारा अगदीच वाया घालवू नका. पार्थेनियमने त्वचेचा त्रास होतो तो होतोच, पण रानगाजराचा रस लागलेल्या हातांवर ऊन पडलं तर काहींना चट्टे उठतात. हातमोजे घालावेत. त्याहून मोठी काळजी आहे ती पॉयझन हेमलॉकची. ते त्याच कुळातलं, तशाच पांढऱ्या छत्र्यांचं, पण जीवघेणं विषारी आहे. रानगाजराच्या दांड्यावर लव असते. हेमलॉकचा दांडा गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग. चुरगळलेल्या पानाला गाजराचा वास आला तरी मुळं खाऊन पाहू नयेत. रानगाजराचं मूळही पांढरट आणि जून झालं की लाकडासारखं चिवट असतं, खाण्यात काही मजा नाही.

ठेवायचं की काढायचं, हा परसाचा प्रश्न. झाड दोन वर्षांचं असतं: पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुपका, दुसऱ्या वर्षी डेंगळा येऊन फुलं, मग बी टाकून झाड मरतं. म्हणजे बी पडू दिलं नाही तर पसारा आटोक्यात राहतो. पाऊस पडून गेल्यावर झुपके सोटमुळासकट उपटून येतात. फुलावर येताना नुसती कापणी केली तर ते खालून पुन्हा, बुटकं होऊन फुलतं, म्हणून एकदा कापून निर्धास्त राहू नये. जवळपास कोणी गाजराचं बियाणं धरत असेल तर रानगाजर फुलू देऊच नये, कारण दोघांचा संकर सहज होतो आणि बियाणं बिघडतं. तशी अडचण नसेल तर दोन-चार झाडं मी खुशाल ठेवीन. त्या फुलांवर मित्रकीटक येतात आणि पानांवर ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या वाढतात.

शब्द लिहिताना जोडून लिहावा, आणि लिंग गाजराचंच, नपुंसक: 'परसात रानगाजर माजलंय', 'रानगाजरं उपटली'. ठेवायचं ठरवलं तर 'माजलंय'च्या जागी 'फुललंय' म्हणा. सासूबाईंना सांगताना मात्र 'हे गाजरगवत नव्हे, गाजराचंच रानातलं भावंड' असं सांगा. त्यांना लगेच कळेल.